बदली घर

आरोग्याच्या सर्वेक्षणात एक शब्द असतो, ‘बदली घर’. यादीतलं घर बंद सापडलं, तर त्याच्याऐवजी जे दुसरं घर घ्यायचं ते बदली घर. ऐकायला अगदी साधा शब्द. पण माझ्यासमोर आजही कोणी तो उच्चारला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ज्या विद्यार्थ्यानं तो उच्चारलेला असतो त्या बिचाऱ्याला कळत नाही की या बाईंना एकाएकी काय झालं. म्हणून एकदा लिहून टाकते.

मी भिल्लाची मुलगी. जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या अलीकडे माळावर आमची वस्ती. खाली ओढा आणि ओढ्यापलीकडे गाव. गावात शाळा, पिठाची गिरणी, एसटीचा थांबा आणि आठवड्यातून दोनदा मोटरसायकलवर येणारा एक खाजगी डॉक्टर. वस्तीवर यातलं काही नव्हतं. पावसाळ्यात ओढा भरला की गावही नव्हतं.

माझी आई वस्तीची सुईण. पोटुशी बाई समोर आली की आई अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढायची, आतली लाली बघायची आणि सांगायची, हिला जड जाणार. तिचं चुकलेलं मला आठवत नाही. पण जड जाणार हे कळल्यावर पुढं काय करायचं, ते तिच्या हातात नव्हतं, आणि हे तिच्याइतकं दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं. बाई अडली की बाजेवर घालून चौघांनी उचलायची, ओढा ओलांडायचा, गावात डॉक्टर असला तर ठीक, नाहीतर मिळेल त्या टेम्पोनं जामखेड. या वाटेवर काय काय झालेलं आहे ते आई सांगत नसे. मीही विचारत नसे.

नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं. मी नगरला वसतिगृहात राहून बीए झाले होते. वस्तीतली पहिलीच, म्हणून माझा भाव जरा वधारला होता. त्याच सुमाराला नगरच्या एका संस्थेची जाहिरात पेपरात आली: आदिवासी समाजातल्या पदवीधर मुलामुलींसाठी आरोग्य संशोधनाचं एक वर्षाचं प्रशिक्षण, राहणं-जेवण संस्थेकडे. मी अर्ज केला आणि माझी निवड झाली.

पहिल्या दिवशी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘आपल्या माणसांचा अभ्यास आपणच करायचा.’ खोटं कशाला बोलू, ते वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. आजवर आमच्याकडे जो येई तो मोजायला येई. डोकी, उंची, दंडाचा घेर मोजायचा आणि जीपमध्ये बसून निघून जायचा. आता मोजणारी मी असणार होते. आम्ही बारा-पंधरा जण होतो, अकोल्याकडचे ठाकर आणि महादेव कोळी, राहुरी-नेवाशाकडचे भिल्ल, एक पारधी मुलगा. सगळ्यांचीच छाती त्या दिवशी फुगलेली होती.

संस्थेच्या संचालिका पुण्याच्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणत असू. सुती साड्या, हळू आवाज, आम्हा सगळ्यांची नावं पहिल्याच आठवड्यात पाठ. आजारी पडलं की स्वतः डबा घेऊन खोलीवर येत. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर त्यांच्यावरचा राग मी कधीच विसरून गेले असते.

मॅडमना आमची संस्कृती हवी होती. संशोधन संस्कृतीत रुजलेलं पाहिजे, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं आणि वाक्य काही चुकीचं नव्हतं. पण संस्कृती म्हणजे काय, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं होतं. नाच, गाणी, देव, झाडपाला, भगत. आठवड्यातून एकदा त्याचा तास असे. अकोल्याकडच्या एका मुलाला त्यांनी नाच करून दाखवायला सांगितला. तो आठ वर्षांचा असल्यापासून आश्रमशाळेत वाढलेला, त्याला कुठला नाच येतोय! पण मॅडम इतक्या आशेनं बघत होत्या की त्यानं शाळेच्या गॅदरिंगमधला नाच करून दाखवला. मॅडमनी तो वहीत टिपून घेतला. आम्ही रात्रीच्या जेवणापर्यंत हसत होतो. तेव्हा हसायला येत होतं.

मग त्यांना कळलं की माझी आई सुईण आहे. मग काय विचारता! आईला बोलावणं गेलं. एसटीचं भाडं संस्थेनं दिलं. आई इरकली लुगडं नेसून आली, सतरंजीवर पुढ्यात बसली आणि आम्ही तिच्याभोवती वह्या घेऊन बसलो. मॅडमनी विचारलं, “बाळंतपणानंतर तुम्ही बाईला कोणता झाडपाला देता?”

आई म्हणाली, “झाडपाला कशाचा, बाई? रक्ताच्या लाल गोळ्या मिळतात का बगते. मिळाल्या तर देते. न्हाई मिळाल्या तर गूळ-शेंगदानं.”

“पण तुमच्या आजी वगैरे काहीतरी देत असतील ना?”

“आजी देत आसंल. तवाच तर बाया मरायच्या.”

आम्ही पोरं खाली मान घालून हसलो. मॅडमना ते आवडलं नसावं, पण त्या चिडल्या नाहीत. त्यांनी आणखी दोन-तीन अंगांनी विचारून पाहिलं. आईला आता बोलायला माणसं मिळाली होती, त्यामुळे तिला जे सांगायचं होतं ते तिनं सांगितलं. “बाई, मला एक नर्सबाई द्या वस्तीवर. मुक्कामाला ऱ्हानारी. मी सांगते हिला जड जानार, ती सुई टोचंल, बाटली लावंल. दोगी मिळून निभवून न्येऊ. माझ्या हातानं काय व्हत न्हाई, ते मला ठावं हाय.”

माझ्या मते त्या वर्षभरात त्या खोलीत याच्याइतकं शहाणपणाचं वाक्य कोणी बोललं नाही. मॅडमनी ते टिपून घेतलं नाही. त्यांनी आईच्या हातांचा फोटो काढला. नुसत्या हातांचा, मांडीवर ठेवलेल्या. परतताना स्टँडवर आईनं मला विचारलं, “माझ्या हाताचा फोटू कशापायी काडला गं? हातात तर काईच नव्हतं.”

दिवाळीनंतर एक बातमी आली, आणि माझ्या दृष्टीनं त्या सबंध वर्षाला अर्थ आला. आमच्या भागासाठी एक उपकेंद्र मंजूर झालं होतं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, औषधं, आणि मुख्य म्हणजे मुक्कामाला नर्स. ते गावात बांधायचं की माळावर वस्तीजवळ, एवढंच ठरायचं होतं. गावातल्या पुढाऱ्यांना अर्थातच गावात हवं होतं. पण जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातल्या एका अधिकाऱ्याचं म्हणणं पडलं की गरज जिथं जास्त तिथं बांधू, आणि गरज कुठं जास्त ते पाहण्याचं काम त्यांनी आमच्या संस्थेला दिलं. वस्तीतल्या आणि गावातल्या, पंधरा ते पंचेचाळीस वयाच्या बायांचं रक्त तपासायचं. जिथं रक्त कमी, तिथं नर्स. इतकं सरळ.

मी सुट्टीला घरी गेले तेव्हा आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “मंग आपलंच की ते. आपल्या बायांच्या पापन्या बगाय सुई बी लागत न्हाई.”

माझी वहिनी चुलीपाशी बसलेली होती. तिला तेव्हा पाचवा महिना. तिच्या पापणीत आईनं बघितलेलं होतं आणि जे दिसलं ते तिला सांगितलं नव्हतं, फक्त मला सांगितलं होतं. वहिनी हसून म्हणाली, “वन्सं, नर्सबाई बसवूनच या आता.” चार दिवसांनी ती, माझा भाऊ आणि वस्तीतली यच्चयावत धडधाकट माणसं ट्रकमध्ये बसून राहात्याकडे ऊस तोडायला गेली. दरवर्षीसारखीच. पाचव्या महिन्याची बाई घरी बसली तर कोयता अर्धा होतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी मोडते आणि नवऱ्याला काम मिळत नाही. म्हणून पोटुशा बायाही जातात.

आमच्या वस्तीचं वर्ष असं असतं. दिवाळी झाली की वस्ती उठते आणि होळीच्या पुढंमागं कधीतरी परत येते. मागं म्हातारी माणसं आणि बारकी पोरं राहतात. ही आमची संस्कृती. नाचगाण्याच्या तासाला हे मी सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, ते अर्थशास्त्र झालं.

सर्वेक्षण जानेवारीत ठेवलं. का, तर मार्चअखेर अहवाल द्यायचा होता. मी वेळापत्रक बघितल्या बघितल्या मॅडमच्या खोलीत गेले. म्हटलं, “मॅडम, जानेवारीत वस्तीवर बाया नसतात.”

“सगळ्याच?”

“पंधरा ते पंचेचाळीसच्या सगळ्याच. राहात्याकडे आहेत. आपण तिकडं जाऊन रक्त घेऊ या. एसटीनं सकाळी निघालं तर दुपारी पोचतो.”

मॅडमनी मला सूचनांची पुस्तिका दाखवली. सायक्लोस्टाइल केलेली, निळ्या शाईची. त्यात लिहिलं होतं की यादीतल्या घरी तीन वेगवेगळ्या दिवशी जावं, दाराशी उभं राहून मोठ्यानं हाक मारावी, तरी घर बंद आढळल्यास यादीतलं त्यापुढचं घर बदली म्हणून घ्यावं. “शास्त्रात याची सोय असते,” त्या म्हणाल्या. “नमुना गावाचा आहे. राहात्याला गेलो तर तो राहात्याचा होईल ना?”

इथं मी पाय रोवून उभं राहायला हवं होतं. मी ‘बरं’ म्हटलं. संस्थेत सहायकाची एक जागा निघणार होती आणि ती मला मिळेल असं सगळे म्हणत होते. शिवाय मला वाटलं, शास्त्रात असेल बाई सोय. माझ्यापेक्षा शास्त्राला जास्त कळत असेल.

आपल्या माणसांचा अभ्यास आपणच करायचा, म्हणून आमची वस्ती माझ्याच वाट्याला आली. मी गळ्यात ओळखपत्र घालून, खांद्याला रक्त तपासायच्या सामानाची पेटी अडकवून वस्तीवर गेले. आमच्याकडे कुडाच्या घरांना कुलूप नसतं. लांब जाताना दाराशी बाभळीची काटेरी फांदी आडवी ओढून ठेवतात, शेळ्या आणि कुत्री आत शिरू नयेत म्हणून. ती फांदी दिसली की लहान पोरालाही कळतं, घरचे ऊसतोडीला गेलेत. मी प्रत्येक फांदीसमोर उभी राहिले आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं हाक मारली, “घरात कोणी आहे का?” माझ्या सख्ख्या भावाच्या दारातसुद्धा. त्याला मी स्वतः ट्रकमध्ये चढताना पाहिलेलं होतं. हाक मारली, थोडं थांबले आणि फॉर्मवर ‘घर बंद, भेट पहिली’ लिहिलं.

दोन दिवसांनी भेट दुसरी. आणखी दोन दिवसांनी भेट तिसरी. वस्तीतली बारकी पोरं माझ्यामागून फिरत होती आणि माझ्याबरोबर ओरडत होती, “घरात कोनी हाय का?” त्यांना खेळ झाला होता. आई दारात बसून तांदूळ निवडत सगळं बघत होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “परवा बी आल्तीस, आज बी आलीस. ती काय मदीच येनार हायेत व्हय?”

“नियम हाय, आये.”

“कुनी केला?”

मला आईचा राग आला होता. खरं म्हणजे मला तेव्हा कुणाचा राग यायला हवा होता हे मला नीट कळत होतं, पण त्या रागाची किंमत होती. आईवरचा राग फुकट होता. ज्या घरांत म्हातारी माणसं होती तिथं मी फॉर्मवर ‘योग्य वयाची स्त्री नाही’ असं लिहिलं. आईच्या घरावरही तेच. ती पन्नाशीच्या पुढची, म्हणून तिला काही विचारायचं नव्हतं. आख्ख्या वस्तीत जिला सगळं माहीत होतं अशी ती एकटी बाई, आणि तिच्या नावाला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

वस्तीची यादी संपली की पुढं यादी कुठं जाते? ओढा ओलांडून गावाकडच्या मळ्यांत. तिथली घरं उघडी होती. ऊन खात बसलेल्या बाया होत्या, दारात दुभत्या म्हशी होत्या. पहिल्याच बदली घरी मी गेले ते मळ्यातल्या एका शेतकऱ्याचं. आई त्यांच्याकडे सुगीला जायची आणि घरच्या बाईंना मालकीण म्हणायची. त्यांनी मला ओळखलं, ओट्यावर बसवलं, चहाही दिला. मी त्यांच्या बोटाला सुई टोचून थेंब टिपकागदावर घेतला आणि रंगांच्या पट्टीशेजारी धरला. लालभडक. मी फॉर्मवर वस्तीचा क्रमांक लिहायला लागले. बदली घराला मूळ घराचाच क्रमांक द्यायचा, असं पुस्तिकेत लिहिलेलं होतं.

मालकीणबाई बोटावर कापूस दाबून बघत होत्या. म्हणाल्या, “अगं, गावातली बाईमाणसं तपासायला ती दुसरी पोरगी येऊन गेली ना परवा? तू तर वस्तीचं बघायला आलीस म्हनं.”

“हो, वस्तीचंच आहे हे.”

“मग माझं रक्त कशाला घेतलंस?”

चौथी शिकलेली बाई. तिला एका वाक्यात कळलं. मी म्हटलं, “वस्तीतल्या बाया ऊसतोडीला गेल्यात, त्यांच्या जागी तुमचं.” त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी चहाची कपबशी खाली ठेवली. मग त्या आपल्या कामाला उठल्या. मी शेजारच्या घरी गेले. चार दिवसांत वस्तीचे सगळे फॉर्म भरून झाले. एकही कोरा राहिला नाही, म्हणून मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

ते कौतुक मला पचलं नाही. फेब्रुवारीत मी आईला बरं नाही असं खोटं सांगून तीन दिवसांची रजा घेतली, पेटी आणि कोरे फॉर्म पिशवीत घातले आणि राहात्याला जाणाऱ्या एसटीत बसले. राहात्यापासून पुढं चालत, विचारत विचारत, पाटाच्या कडेला आमच्या लोकांचा तळ सापडला. कोप्या म्हणजे उसाच्या पाचटाच्या, वाकून आत शिरायच्या झोपड्या. वहिनी फडात होती. पोट पुढं, डोक्यावर उसाची मोळी, आणि ती मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होती. मी खाली उभी राहून ओरडले. ती उतरली, हसली. तिचे ओठ पांढरट दिसत होते.

“वन्सं, तिकडं बाया सरल्या काय, हितं आलात ते?”

दुपारी भाकरी खायला सगळ्या बसल्या तेव्हा मी एकेकीचं बोट घेतलं. वहिनीचा थेंब टिपकागदावर पसरला आणि मला त्याचा रंग पट्टीवर शोधावा लागला. पट्टीच्या अगदी खालच्या टोकालाही तो नीट जुळत नव्हता. थोड्याफार फरकानं बाकीच्यांचंही तसंच. मी पापण्याही बघितल्या, आई बघायची तशा. त्या पोरींच्या पापण्या आतून कणकेसारख्या दिसत होत्या. संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या प्रत्येक बाईचा फॉर्म माझ्याजवळ होता. नावानिशी, वस्तीच्या क्रमांकानिशी.

नगरला परत आल्यावर मी ते फॉर्म मॅडमच्या टेबलावर ठेवले. खोटी रजाही कबूल केली. त्यांनी फॉर्म चाळले, मध्ये एकदा चष्मा काढून डोळे पुसले. मी म्हटलं ना, बाई वाईट नव्हत्या. मग म्हणाल्या, “पण या घरांची बदली घरं आपण घेतली आहेत. एकाच क्रमांकाला दोन फॉर्म कसे चालतील? हे दुहेरी होतं.”

“मग बदलीचे काढून टाका. हे खरे आहेत.”

“ते नियमानुसार आहेत. हे रजेवर असताना, विनापरवानगी घेतलेले आहेत. आणि या आता स्थलांतरित कामगार झाल्या ना? तो वेगळा विषय आहे. खरंच छान विषय आहे. पुढच्या वर्षी आपण घेऊ.”

छान विषय! माझ्या वहिनीला आठवा महिना होता. पुढच्या वर्षी म्हणे घेऊ. आज हे लिहिताना वाटतं, त्या टेबलावरची शाईची दौत उचलून त्या अहवालावर ओतायला हवी होती. ओतली नाही. फॉर्म त्यांच्या कपाटात गेले आणि मी अहवालाचे आलेख काढायला बसले, कारण माझं अक्षर चांगलं होतं.

मार्चच्या शेवटी जामखेडला बैठक झाली. एका सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या, पुढं पांढरा पडदा. आरोग्य खात्याचे ते अधिकारी आले होते, गावचे पुढारी आले होते. आईला खास निमंत्रण होतं, पारंपरिक ज्ञान जपणारी सुईण म्हणून. तिला शाल आणि नारळ देऊन पहिल्या रांगेत बसवलं. आणि अहवाल मांडायला मॅडमनी मला उभं केलं. आदिवासी संशोधिका, असं माझं नाव पुकारलं. टाळ्या वाजल्या.

मी मांडला. प्रोजेक्टरवर पारदर्शक कागद ठेवला आणि पडद्यावर दोन खांब उमटले. मी म्हणाले की वस्तीतील आणि गावातील स्त्रियांच्या रक्ताच्या प्रमाणात उल्लेखनीय फरक आढळत नाही, सबब उपकेंद्र दळणवळणाच्या दृष्टीने सोयीच्या ठिकाणी असावं. वाक्य मॅडमचं होतं. आवाज माझा होता. पुढाऱ्यांनी माना डोलावल्या.

आईला वाचता येत नव्हतं, पण खांब दिसत होते. ती नारळ मांडीवर धरून बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाली, “हे दोन खांब कशाचे गं?”

सगळे हसले, कौतुकानं. मी म्हटलं, “एक गावातल्या बायांच्या रगताचा. एक आपल्या वस्तीचा.”

“सारकेच हायेत?”

“व्हय.”

“वस्तीतल्या कोन्त्या बाईचं रगात काडलंस?”

आता कोणी हसत नव्हतं. मी माइक बाजूला सारून तिच्याजवळ गेले, वाकले आणि हळूच म्हटलं, “एकीचं बी न्हाई, आये. समद्या मळ्यातल्या हायेत.”

आई हळू बोलली नाही. “मंग मला काय सांगतीस? मी तर वस्तीतच हुते. त्या सायबाला सांग.”

मी सांगितलं. काट्याच्या फांद्या, तीन भेटी, मालकीणबाईंचा लाल थेंब, कपाटातले फॉर्म. मॅडम फाइलमध्ये बघत होत्या. अधिकाऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुम्हाला हे सगळं तेव्हाच माहीत होतं?”

“हो.”

“मग फॉर्म भरलेत कशाला?”

ते रागावून विचारत नव्हते. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी पेनाचं टोपण काढत-घालत उभी राहिले. तेवढ्यात चहा आला आणि गावचे पुढारी मोठ्यानं बोलू लागले, की बघा, संस्थेची माणसं आपल्याच अहवालाला खोटं म्हणतात, मग पुन्हा सर्वेक्षण करणार कधी आणि मंजुरी परत गेली म्हणजे? मंजुरी परत जाईल या भीतीनं त्याच बैठकीत जागा ठरली. गावात, एसटीच्या थांब्याशेजारी. माझं म्हणणं इतिवृत्तात घेतलं, असं मला सांगण्यात आलं. संस्थेत मी नंतर गेले नाही. प्रमाणपत्र टपालानं आलं. ते मी परत पाठवलं.

पुढं मी दुसरीकडे शिकले, शिकवते. विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला विचारते की ज्यांना तुम्ही मोजणार आहात ती माणसं त्या महिन्यात कुठं असतात. त्यावर काही जण मला कडक म्हणतात, म्हणोत. पण हा राग त्यांच्यासाठी लिहीत नाही.

एप्रिलात ऊसतोड संपली आणि ट्रक वस्तीवर आला. वहिनी उतरली ती अंगावर मुलगी घेऊन. कोपीतच बाळंत झाली होती, शेजारच्या बायांनी सोडवली होती. जगली होती, पण भिंतीला धरून चालत होती. आईनं काट्याची फांदी बाजूला केली, वहिनीला आत नेऊन बाजेवर बसवलं आणि पापणी न बघताच माघारी फिरली. मी उंबऱ्यापाशी उभी होते. वहिनीला बैठकीचं कोणीतरी ट्रकपाशीच सांगितलेलं होतं. तिनं मुलगी माझ्या हातात दिली. ती आता शिव्या देईल, अशी मी वाट बघत होते. मनापासून बघत होते.

ती म्हणाली, “वन्सं, माझ्या जागी कुनाचं रगात घेतलं?”

“मळ्यातल्या मालकीणबाईंचं.”

“त्यांचं बरं निगालं का?”

“व्हय.”

“म्हंजी आमच्यात नर्सबाई न्हाई यायची,” ती म्हणाली, आणि मुलगी रडायला लागली तशी तिनं ती माझ्याकडून परत घेतली.